जुनी स्ट्रिप आधी

आमच्या ह्यांनी चाळीस वर्षं रंगाचं दुकान चालवलं आणि एक नियम कधी मोडला नाही: जुना माल संपल्याशिवाय नवा डबा फोडायचा नाही. दुकान मुलाच्या हवाली केलं, नियम मात्र घरी घेऊन आले.

दोन महिन्यांपूर्वी ह्यांच्या हृदयाच्या नळीत स्टेंट बसवला. त्यात गुठळी होऊ नये म्हणून सकाळ-संध्याकाळ एक गोळी होती. तिनं धाप लागायची, अगदी बसल्या बसल्या. म्हणून डॉक्टरांनी गोळी बदलली. नवी दिवसातून एकदाच, पहिल्या दिवशी मात्र एकदम चार. मी तेव्हा खाली बिल भरत होते, त्यामुळे हे सगळं ह्यांनी एकट्यानंच ऐकलं. ऐकलं कसलं, मान डोलावली.

पाचव्या दिवशी कपाट पुसायला काढलं, तर नवी स्ट्रिप जशीच्या तशी. विचारलं तर म्हणाले, जुन्या उरल्यात त्या आधी संपवतोय. आणि डॉक्टरांनी आता दिवसाला एकच सांगितलीय, म्हणून त्यातली रोज रात्री एकच घेतोय.

मी फोन लावला. डॉक्टरांनी आधी छातीत दुखतंय का ते दोनदा विचारलं. मग म्हणाले, जुन्या गोळीचा असर दिवसभर पुरत नाही, म्हणून तर ती दोनदा होती. म्हणजे इतके दिवस रोज काही तास हा माणूस वाऱ्यावर होता.

रात्रीची गोळी किती वाजता घेतली ते विचारून त्यांनी नव्या चार कधी घ्यायच्या ते सांगितलं, आणि लगेच बोलावलं. कार्डिओग्राम ठीक निघाला. डॉक्टर काही रागावले नाहीत. ती कसर मी टॅक्सीत भरून काढली.

"एकदा मला विचारलं असतंत तर काय कमीपणा आला असता?"

मग मला रडूच फुटलं. राग होताच, पण त्याहून जास्त मी घाबरले होते, आणि तसं सांगूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी हे ओट्यापाशी आले. एका हातात स्ट्रिप, दुसऱ्या तळहातावर गोळी.

"हीच ना गं?"

लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, ह्या माणसानं मला कधी रस्तासुद्धा विचारला नव्हता. मी चष्मा लावून नाव नीट वाचलं.

"हीच," म्हटलं, आणि त्यांनी ती गिळेपर्यंत तिथंच उभी राहिले.