यशोदाबाईंचा हुंकार

मित्रांनो, मला वाजवायला माणूस लागत नाही, असं जळगावात एके काळी लोक शपथेवर सांगायचे. मेहरूणच्या आमच्या खोलीवरून जाताना बायका पोरांचा हात घट्ट धरायच्या. आणि मी कोण? भूत नाही की खेत नाही. गजाने वाजणारा एक म्हातारा दिलरुबा!

मिरजेच्या कारागिराने मला घडवलं. चार मुख्य तारांखाली त्याने एकोणीस बारीक तारा बसवल्या. त्यांना तरफेच्या तारा म्हणतात. जवळ कोणी गायलं आणि सूर तंतोतंत जुळला, की त्या आपोआप गुणगुणतात. एवढंच माझं गुपित. ते लक्षात ठेवा, म्हणजे पुढे घाबरणार नाही.

मला विकत घेतलं धरणगावच्या निंबा मास्तरांनी. रुपचंदभाऊंच्या ऑर्केस्ट्रात ते मला वाजवत आणि त्यांची बायको यशोदाबाई गात असत. काय थाट होता त्या ऑर्केस्ट्राचा! आधी अर्धा तास राग, तबला आणि मी. मग अ‍ॅकॉर्डियन, बोंगो आणि सिनेमाची गाणी. चोपड्याचे केळीवाले यमनला माना डोलवायचे आणि पुढच्याच गाण्याला शिट्ट्या मारायचे. यशोदाबाईंची पट्टी काळी पाच, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीवर त्यांचा सा. उंच, कोवळा आवाज. माझ्या सगळ्या तारा त्याच पट्टीत लावलेल्या असत.

१९६६ साली काविळीने त्या गेल्या. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांची सोळा वर्षांची लेक तापी भांडी घासता घासता काहीतरी गुणगुणली, आणि भिंतीवर टांगलेला मी वाजलो. मास्तरांच्या हातातली चहाची बशी तशीच राहिली.

"आयक तापी," ते म्हणाले, "तुनी माय हुंकार दी राहिनी."

अहो मास्तर, पोरीचा सूर लागला हो, असं मला ओरडून सांगायचं होतं. पण मला कुठलं तोंड?

शेजारच्या भिकुबाईंनी आमच्या दाराला लिंबू-मिरची बांधली. रुपचंदभाऊंनी मात्र त्यातून कार्यक्रमच उभा केला. तापी आईच्या पट्टीत गायची, वरचा सा लांबवायची आणि एकदम थांबायची. मास्तर गज बाजूला धरायचे. माइक माझ्याजवळ यायचा. सगळीकडे सामसूम, आणि त्यात माझ्या तारा एकट्याच घुमायच्या. "यशोदाबाईंचा हुंकार," रुपचंदभाऊ हलक्या आवाजात सांगायचे. बाया हात जोडायच्या, बाप्ये बिड्या विझवायचे. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायला लागलं होतं. कधी कधी वाटायचं, माझ्यात खरंच कोणीतरी राहतंय.

पण तापीचा गळा खालचा. तिची पट्टी काळी तीन. आईचा तो वरचा सा ती ओरबाडून काढायची. तीन वर्षांत तिचा आवाज बसायला लागला. डॉक्टरांनी बजावलं, असंच चाललं तर वर्षभरात हिचं गाणं संपेल. तिने बापाला सांगून पाहिलं, "आबा, माले काळी तीनमा गाऊ द्या."

मास्तर माझ्याकडे बघत म्हणाले, "मंग तुनी माय कशी येई?"

मग आला धुळ्याचा कार्यक्रम. शाळेच्या पटांगणात, दिवेलागणीला. त्या दुपारी मास्तर चहाला गेले तशी तापी माझ्याजवळ बसली. पेटीवर काळी तीनचा सूर धरून तिने एकेक खुंटी पिळली आणि तार उतरवली. तेवीसच्या तेवीस! मी तर पुरता भ्यालो. यशोदाबाई आता कायमच्या जाणार, असं मला वाटलं. बघा, गुपित ठाऊक असलेला मी, आणि माझीच ही गत!

मंचावर मास्तरांनी गज टेकवला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. पण तोवर तापीने सा लावला होता. भरदार, मोकळा, तिचा स्वतःचा. शेवटी ती नेहमीसारखी थांबली. माइक आला. माझ्या तारा अशा घुमल्या, की तशा आधी कधीच घुमल्या नव्हत्या. लोकांनी हात जोडले. त्यांना काही फरक कळला नाही. कळला तो एकट्या मास्तरांना.

"आबा," तापी हळूच म्हणाली, "मी मायनी पोर शे. माय नही."

माइक जवळ होता. सगळ्या पटांगणाने ते ऐकलं.

मास्तरांनी माझ्या तारांवर तळवा ठेवला. हुंकार थांबला. तीन वर्षांत न रडलेला तो माणूस भर मंचावर ढसाढसा रडला. मग डोळे पुसून लोकांना म्हणाला, "हात सोडा भाऊ. यशोदा गयी. हाई मनी तापी शे. हिनं गानं आयका."

यशोदाबाई खऱ्या गेल्या त्याच संध्याकाळी. रुपचंदभाऊ दोन महिने रुसले होते. भुताला बघायला येणारी गर्दीही ओसरली. पण तापी पुढे सात-आठ वर्षं मनसोक्त गायली, आणि मास्तर शेवटपर्यंत तिच्या साथीला बसले.

आता माझं कातडं फाटलंय, गजाचे केस झडलेत. माझ्यावरची धूळ कोणी पुसली तर बरं वाटेल, नाही असं नाही. पण मित्रांनो, माझं मागणं वेगळंच आहे. एखाद्या पोराच्या आवाजात तुम्हाला तुमचं गेलेलं माणूस ऐकू आलं, तर खुशाल रडा. रडून झालं, की त्या पोराला जवळ घ्या आणि विचारा, "बाळा, तुझी पट्टी कोणती?"