शेवटची पंधरा मिनिटं

पडद्यावरचा हीरो पळायला लागला की रोशनी समोशाची कढई गॅसवरून खाली उतरवायची. तेल निवेपर्यंत त्याचं पळणं चालायचं. कधी विमानतळावर, कधी लग्नाच्या मांडवात, कधी भर रस्त्यात गाड्यांच्या टपावरून. हात पुसत ती अंधारातून दाराशी येऊन उभी राहायची, कडीवर हात ठेवून. हीरो धापा टाकत पोचणार, पोरीपुढे गुडघा टेकणार, आपण बदललो असं म्हणणार. पोरगी आधी रडणार, मग हसणार. गाणं सुरू झालं की कडी काढायची आणि पब्लिक बाहेर सोडायची.

नागभीडच्या जयमाला टॉकीजमध्ये तिकीट खिडकी रोशनीची, कँटीन रोशनीचं आणि शेवटी दरवाजेही रोशनीचेच. गेटकीपर चैतूकाका होते, पण ते पिक्चर सुरू होताच शेवटच्या रांगेत झोपायचे. त्यामुळे इतक्या दिवसांत रोशनीने एकही पिक्चर पहिल्यापासून पाहिलं नव्हतं. तिच्या वाट्याला आली ती फक्त माफी. गुन्हा काय होता, ते समोसे तळताना मागे राहून जायचं.

एकदा तिने मालकाला विचारलंही होतं. "खुशालभाऊ, हा पोट्टा एवढा रडून राह्यला. यानं आधी केलं काय?"

"मजा केली, दुसरं काय!" खुशालभाऊंना असल्याच पिक्चरांचा शौक. बायका येतात, पोरंपोरी येतात, दगडफेक होत नाही. "रंगेल गडी असते. आज ही, उद्या ती. मंग खरी पोरगी भेटते अन् लाइनीवर येते."

"आन त्या बाकीच्या पोरी कुठी गेल्या?"

"कोनत्या?"

"ज्यायच्यासंगं मजा केली त्या."

खुशालभाऊ हसले. "अवो, त्या साईडच्या होत्या. हिरोईन ही आहे ना."

रोशनी स्वतः हिरोईन होऊन पाहिलेली बाई होती. तिचा नवरा राजदीप घुग्घुसला कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर. उंचापुरा, केस मागे वळवलेले, आवाज गोड. लग्नाआधीच सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. पोट्टा थोडा रंगेल आहे, बायको आली का सुधरते, असं त्याची आई म्हणाली, मामा म्हणाला, खुद्द रोशनीचा भाऊ श्रावण म्हणाला. विहारात पंचशील म्हणताना तो मान खाली घालून उभा होता, तेव्हाच बायका कुजबुजल्या, पाहा, सुधरला. जसं काही पोरगी दिली नव्हती, गॅरेज उघडून दिलं होतं. बिघडलेली गाडी आणून लावायची आणि निघून जायचं.

गाडी काही दुरुस्त झाली नाही. दर वेळी नवी एखादी बाई निघायची आणि दर वेळी तो जिलेबीचा पुडा घेऊन यायचा. रडायचा. रडायला तो फार चांगला रडायचा, एवढं मात्र खरं. शेवटी एका दुपारी रोशनीने ट्रंक उचलली आणि नागभीडच्या बसमध्ये बसून भावाच्या घरी आली. त्याला अडवायलाही वेळ नव्हता, कारण तो खाणावळवाल्या भाग्यश्रीच्या घरी राहायला गेला होता. तिला आता त्याचं पोर होतं.

गेल्या महिन्यात त्याच भाग्यश्रीचा फोन आला होता. भांडायला नाही. "ताई, तो तिकडं आला काय व? बाळाले ताप आहे. फोन उचलून नाई राह्यला."

"नाई व बाई, इकडं नाई आला." रोशनीने फोन ठेवला आणि बराच वेळ पीठ मळत राहिली. राग यायला हवा होता त्या बाईचा. आला नाही.

त्या रविवारी दुपारच्या खेळाला श्रावण आणि आई आले, तेव्हाच रोशनीला खटकलं. कांताबाई, म्हणजे तिची आई, टॉकीजमध्ये कधी पाऊल टाकायची नाही. आज अंगावर ठेवणीतली साडी.

"माय, तू इथी कशी?"

"पाह्याले आली," आई म्हणाली आणि नजर चुकवून आत गेली.

श्रावण मात्र खिडकीशी थांबला. "ताई, एक सांगतो. आज जे होईन ते मुकाट्यानं आयकजो. वहिनी किती दिवस समजून घेईन? घर एवढूसं आहे."

श्रावण बायकोला, ती समोर नसली तरी, सगळ्यांपुढे वहिनीच म्हणायचा. स्वतःची अडचण तिच्या नावावर टाकायची त्याची जुनी सवय.

"काय होनार आहे आज?"

"चांगलंच होनार आहे," तो म्हणाला आणि गेला.

पिक्चर संपत आलं. हीरो पळाला, पोचला, गुडघा टेकला. गाणं लागलं. रोशनीने कडीला हात घातला, तोच टॉकीजमधले दिवे लागले आणि भोंग्यातून खुशालभाऊंचा आवाज आला. एरवी तो आवाज दारात आडव्या लावलेल्या गाड्या काढायला सांगायचा.

"मंडळी, बसा बसा! खरा पिक्चर आता आहे. रोशनीबाई, दरवाजा नका उघडू."

खुशालभाऊंनी केव्हातरी आत घेतलेला राजदीप पुढच्या रांगेतून उठला. पांढरा शर्ट, हातात गुलाब, दुसऱ्या हातात खुशालभाऊंचा माईक. मधल्या वाटेने तो सरळ तिच्याकडे आला आणि दाराशी, समोशाच्या पिठाने माखलेल्या तिच्या ओढणीसमोर, त्याने गुडघा टेकला.

"रोशनी, मी लय चुकलो. सगळ्यायच्या समोर सांगतो, मी बदललो. आता तुह्याशिवाय कोनी नाई. चाल घरी."

टॉकीज फुटली. शिट्ट्या, टाळ्या. कॉलेजची पोरं खुर्च्यांवर उभी राहिली, मोबाइल वर झाले. कोणीतरी सुरू केलं, "हो म्हना! हो म्हना!" मग सगळ्यांनीच ते धरलं. आई पदराने डोळे पुसत होती. श्रावण मोबाइल धरून हसत होता.

राजदीपच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. खोटं कशाला बोलायचं, रोशनीला एकदा वाटलं, जावं. भावाच्या घरी भाकर खाताना मान वर न करण्याचे दिवस आठवले. हो म्हटलं की हे सगळे लोक टाळ्या वाजवत घरी जातील, आई आज नीट झोपेल, आणि उद्यापासून तिचं काय होईल ते पाहायला यांतलं कोणी येणार नाही. दरवाजे उघडले की पब्लिक आपापल्या घरी जाते. हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक?

"उठ," ती म्हणाली.

टाळ्या कडाडल्या. लोकांना वाटलं, जमलं.

"माईक आन इकडं." त्याने आनंदाने दिला. तिने तो तोंडाशी धरला. स्वतःचाच आवाज भोंग्यातून ऐकून ती क्षणभर दचकली. मग म्हणाली, "यायनं आता तुहा शेवट पाह्यला. आधीचं कोनालेच माहीत नाई. ते सांग ना बावा यायले."

"जाऊ दे ना रोशनी. झालं गेलं..."

"भाग्यश्रीच्या पोराचा ताप उतरला काय?"

राजदीपचं रडणं जागच्या जागी थांबलं. शिट्ट्या मागून पुढे विझत आल्या.

"कोन भाग्यश्री?" मागून एका पोराने विचारलं.

"याले विचार. दोन वर्स भाकर खाल्ली हे यानं तिच्या हातची. पोरगाबी याचाच आहे." तिने माईक त्याच्यापुढे केला. "तिच्यापुढं टेकला होता काय गुडघा? का तो फक्त टॉकीजीत टेकते?"

"ते इथी काऊन काढते तू?" तो दात खाऊन हळूच म्हणाला, पण माईक चालू होता, सगळ्यांनी ऐकलं.

"माफी इथी मागून राह्यला, तं बाकीचं कुठी सांगशीन?"

"ते माह्यी बायको नाई आहे!"

"हो. साईडची आहे ते."

मधल्या रांगेतली एक जाडजूड बाई उठली. लुगड्याचा पदर खोचत म्हणाली, "अवो बाई, एवढा पानी-पानी झाला मानूस. मर्दाची जात आहे, चुकते. घे ना पदरात."

"तुमाले पायजे काय? न्या." रोशनीने गुलाब त्याच्या हातातून काढून त्या बाईपुढे धरला.

टॉकीज हसली. बाई खाली बसली.

"मजाक नाई करून राह्यली मी," रोशनी म्हणाली. आता तिचा आवाज चढला होता आणि तिने तो उतरवला नाही. "बदलला असशीन तं चांगलं आहे. पन बदललेला मानूस घुग्घुसले जाते, पोराले दवाखान्यात नेते. इथी काय काम त्याचं? मी काय लोकायचे नवरे दुरुस्त कराचं दुकान काढलं? आन दर डाव नवीन बाई पायजे याले सुधराले? पयले म्या सुधरवला, मंग तिनं सुधरवला, आता परत म्या? आमच्या जिंदग्या का याच्या शिकवन्या आहेत?"

"ताई! बस झालं!" श्रावण ओरडला.

"नाई म्हनते मी. आयकलं सगळ्यायनं? नाई." तिने माईक राजदीपच्या हातात कोंबला. "शो संपला. बाहेर व्हा."

आणि तिने कडी काढून दोन्ही फळ्या उघडल्या. दुपारचं पांढरंफटक ऊन थेट पडद्यापर्यंत गेलं. लोकांनी डोळ्यांपुढे हात धरले. पडद्यावर अजून कोणीतरी नाचत होतं, पण ते दिसेनासं झालं.

लोक तिच्या बाजूने बाहेर पडले. कोणी पुटपुटलं, लय माजली आहे. एक पोरगी जाता जाता तिच्या हाताला हात लावून गेली. राजदीप सगळ्यांत शेवटी निघाला. डोळे कोरडे होते. "एकटी सडशीन," तो म्हणाला. त्याचा खरा आवाज तो होता, आणि तो ऐकून रोशनीला उलट बरं वाटलं.

आई दारात थांबलीच नाही. श्रावण थांबला. "आता माह्या घरी पाय ठेवू नको. सांगून ठेवतो."

त्याने शब्द पाळला. संध्याकाळी ती गेली तेव्हा ट्रंक ओट्यावर होती आणि दार आतून लावलेलं. आत आईचा खोकला ऐकू येत होता. रोशनीने हाक मारली नाही. चैतूकाकांनी ट्रंक सायकलला बांधली आणि रेल्वे लाइनीच्या पलीकडे त्यांच्या बहिणीची एक खोली रिकामी होती, तिथे नेऊन ठेवली. "आता जागं राहा लागते बाई तुह्या पिक्चरात," एवढंच ते वाटेत म्हणाले.

खुशालभाऊ दुसऱ्या दिवशी तोंड फुगवून बसले होते, पण त्यांनी तिला काढलं नाही. तेवढ्या पगारात तिकीट, समोसे आणि दरवाजे सांभाळणारं दुसरं कोण मिळणार होतं! तिनेही उपकार मानले नाहीत. चहा ठेवायला गेली तर पाणी आणणारा भिस्ती म्हणाला, "पार्टी पायजे रोशनीताई! नवरा आला म्हनते परत."

"कोनं सांगतलं?"

त्याने मोबाइल दाखवला. टॉकीजच्याच नावाने व्हिडिओ टाकलेला होता. राजदीप वाटेने चालत येतो, गुडघा टेकतो, रडतो. तिचं तोंड. ती म्हणते, उठ. टाळ्या, शिट्ट्या, वरून लाल बदाम, खाली गाणं. संपलं.

ती मोबाइल तसाच घेऊन खुशालभाऊंपुढे गेली. "पुढचं काऊन कापलं?"

खुशालभाऊंनी खांदे उडवले. "पुढचं कोन पाह्यते, बाई? लोकायले एवढंच आवडते. चंद्रपूरपासून गडचिरोलीपावेतो पाहून राह्यले, तुह्याच टॉकीजीचं नाव झालं ना!"

रोशनीने भिस्त्याला मोबाइल परत केला आणि बाहेर पडली. तिकीट खिडकीला वेळ होता आणि आज बाजार होता.

बाजारात मग सुरू झालं. कांदेवाला म्हणाला, अभिनंदन. "नाई म्हटलं मी त्याले," रोशनी म्हणाली. कांदेवाल्याचा हात तराजूवर थांबला. ऑटोवाला म्हणाला, चाला, गंगेत घोडं न्हालं. ती थांबली, मागे वळली. "नाई म्हटलं." बांगडीवालीने तर हात धरून खाली बसवलं, हिरव्या बांगड्या काढल्या. रोशनीने हात सोडवून घेतला आणि तिथेही सांगितलं. कोणी हसलं, कोणाला पटलं नाही. एकाने मोबाइल काढून तिलाच व्हिडिओ दाखवला, हे पाहा, तुमी उठ म्हटलं ना! त्यालाही तिने उभं राहून सगळं सांगितलं. घसा कोरडा पडला. तरी एकही माणूस तिने तसा सोडला नाही.

मासोळीच्या रांगेशी आली तेव्हा तिला आई दिसली. कांताबाई पाठमोरी, हातात पिशवी, ढिवराच्या गिरजाबाईपुढे उभी. गिरजाबाई नुकतीच तळ्यावरून आलेली मोठी रोहू उचलून दाखवत होती.

"हे न्या कांताबाई, जवाई आले म्हनते! पाहुनचार नाई करान काय? काय रडला व माय तो! मी तं दोन डाव पाह्यलं. पोरगी नशिबाची आहे तुमची."

रोशनी पुढे व्हायला निघाली. हेही सांगायला हवं होतं. पण आईच आधी बोलली. मोठ्याने नाही, प्रेमाने तर नाहीच. पिशवी या हातातून त्या हातात घेत, कोणीतरी उगीच वाट अडवल्यासारखी चिडून.

"लहान मासोळ्या दे. जवाई-गिवाई नाई आला कोनी." आणि मग, गिरजाबाई तोंडाकडे पाहतच राहिली तेव्हा, "माह्या पोरीनं नाई म्हटलं त्याले."

मासोळ्या घेऊन ती वळली. रोशनी समोरच होती. आईने पाहिलं, पण थांबली नाही. पदर डोक्यावर ओढत पुढच्या गर्दीत शिरली, आणि तिथे कोणीतरी तिला हसत हाक मारताच पुन्हा उभी राहिली.