घोंगडीवरचा लॅपटॉप

कारेगावच्या शिवेवर, कंपन्यांच्या भिंती संपतात तिथे, दर रविवारी जत्रा भरल्यासारखी गर्दी व्हायची. कुणाच्या काखेत मिक्सर, कुणाच्या डोक्यावर टीव्ही, कुणाच्या मुठीत नुसताच मोबाइल. दोन बिहारी कामगारांनी तर बंद पडलेली मोटारसायकल टेम्पोत घालून सणसवाडीहून आणली होती. वाटेत त्यांना किती गॅरेजं लागली असतील कोण जाणे! पण दोघं रांगेत मोठ्या भक्तिभावानं उभे होते.

सगळे आले होते यंत्रनाथ महाराजांच्या मठात. पूर्वाश्रमीचे हे बापूसाहेब. टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचे. दुकान चाललं नाही, मग त्यांना साक्षात्कार झाला. दोन हजार नऊ साल होतं. आसपासच्या गावांत माणसांपेक्षा मशीनच जास्त झाली होती, त्यामुळे साक्षात्कारही मशीनचाच झाला.

"बाबा, चालूच नहीं हो रहा," रांगेतल्या एकानं मोबाइल पुढं केला.

महाराजांनी डोळे मिटले. मोबाइलची पाठ उघडली, बॅटरी काढली, भगव्या कफनीवर खसाखसा पुसली, तिच्यावर फुंकर घातली आणि पुन्हा बसवली. पडदा उजळला.

"यंत्राला बी आत्मा असतो!" महाराज गरजले. "डॉक्टर माणसाचा, म्हाराज यंत्राचा!"

"यंत्रनाथ महाराज की जय!"

या जयजयकारात एक तोंड तेवढं बंद होतं. मोनिकाचं. तिच्यापुढे तिची सासू गिताबाई छातीशी एक गाठोडं धरून उभी होती, आणि त्या गाठोड्यात मोनिकाचा लॅपटॉप होता.

त्यांची पाळी आली. महाराजांनी लॅपटॉप चालू केला, थोडा वेळ चालू दिला आणि गिताबाईंचा हात धरून त्याच्या कडेच्या फटीपाशी नेला. "लागतोय का ऊन श्वास? ह्यो राग हाय. आत कुणीतरी बसलंय." मग त्यांनी चिमूटभर अंगारा घेतला आणि त्या फटीत फुंकला. लॅपटॉप बंद केला आणि समोरच्या काळ्या दगडी शिळेवर ठेवला. ती शिळा कायम थंडगार असायची, हाही मठातला एक चमत्कारच होता. महाराजांच्या पाठीमागे भला मोठा कूलर घरघरत होता, त्याकडे मात्र कुणी चमत्कार म्हणून बघत नव्हतं. घंटा वाजली, मंत्र झाले, आरती झाली, पुन्हा मंत्र झाले. शेवटी महाराजांनी बटण दाबलं आणि लॅपटॉप नव्यासारखा भराभर चालू लागला.

गिताबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मोनिकाच्या डोक्यात मात्र तिडीक गेली. कारण इथे तो खरंच चालायचा! मागच्या रविवारी चालला होता, त्याच्या मागच्या रविवारीही. आणि घरी नेला की दुपारपर्यंत पुन्हा मुडद्यासारखा. 'प्रश्न पहिला' एवढं टाइप करावं, तर पडद्यावर 'प्र' उमटायलाच एवढा वेळ लागायचा की तोवर चहाला उकळी यावी. 'थांबा' सांगणारं पडद्यावरचं वाळूचं घड्याळ नुसतं गरगरत राहायचं. मग पडदा काळा.

"म्हाराज, हितं चालतंय आन् घरी का अडतंय?" गिताबाईंनी विचारलं.

"घरी त्याला कोण चालवतं?"

"सून."

महाराजांनी मोनिकाकडे न बघताच मान हलवली. "बाईमाणसाचा हात. इटाळाच्या दिवसांत बी लागत असंल. तितंच यंत्र बाटलं. आता उपाय येकच. येत्या रविवारी यंत्र मठाला अर्पण करा. तवर हिनं त्याला शिवायचं न्हाई. न्हाईतर आत बसलंय ते तुमच्या घरच्या माणसावर येईल."

घरचं माणूस म्हणजे मल्हार, गिताबाईंचा एकुलता मुलगा, मोनिकाचा नवरा. कंपनीत रोज पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनपुढे उभा राहणारा. गिताबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी तिथेच हात जोडून कबूल करून टाकलं.

हा लॅपटॉप मल्हारनं दसऱ्याच्या आधी आणला होता. कंपनीनं जुना म्हणून काढून टाकलेला, पण मोनिकाला तो सोन्याहून प्यारा. शिरूरला कंप्युटरचा कोर्स करून घरी बसलेली ती. चौकात आपलं छोटंसं टायपिंग सेंटर असावं, एवढंच तिचं स्वप्न होतं. शिरूरच्या एका क्लासनं सराव परीक्षेचे पेपर टाइप करायला दिले होते. ते वेळेत गेले तर वर्षभराचं काम पक्कं होणार होतं. लॅपटॉप मठात गेला, तर स्वप्नही तिथेच जमा होणार होतं.

आणि गंमत अशी, की या लॅपटॉपवर घरात सगळ्यात जास्त जीव गिताबाईंचा होता. खंडेनवमीला अवजारं पुजतात, तसा त्यांनी तो पुजला होता. स्वतः कातलेल्या लोकरीच्या घोंगडीची जाड घडी करून, देव्हाऱ्यापुढे तिच्यावर त्याला बसवलं होतं. 'येळकोट' म्हणत मूठभर भंडारा उधळला होता. तेव्हापासून दर रविवारी चिमूटभर भंडारा ठरलेला. "घोंगडी देवाच्या बैठकीची. ह्या यंत्रावर पोट भरायचं, त्याला भुईवर कसं ठिवायचं?" त्या म्हणायच्या. लॅपटॉप तिथून हलवायचा नाही, अशी सक्त ताकीद होती.

मोनिकानं महाराजांची आज्ञा मोडली. बाजाराला जाते म्हणून निघाली आणि पिशवीत लॅपटॉप घालून शिरूरला गौतमी मॅडमच्या कंप्युटर क्लासमध्ये पोचली. गौतमी मॅडम म्हणजे तिच्या कोर्सच्या शिक्षिका. बोलायला फटकळ.

"कुणाकुणाचे पेनड्राइव्ह लावतेस गं?" मॅडमनी आल्या आल्या विचारलं. "व्हायरस असणार. गाणी भरलीत का?"

"नाही मॅडम."

"सगळे नाहीच म्हणतात." मॅडमनी आतलं सगळं पुसून लॅपटॉप कोरा केला, नव्यानं सगळं भरलं. मोनिकाचे टाइप केलेले निम्मे पेपर त्यात गेले. नंतर बाकावर, पंख्याखाली, लॅपटॉप झकास चालला. "बघ. मशीन ठणठणीत आहे. तूच नीट वापरत नाहीस."

मोनिका घरी आली. गिताबाई अजून शेतावरच होत्या. तिनं लॅपटॉप घोंगडीवर ठेवला, टाइप करायला बसली. थोड्याच वेळात वाळूचं घड्याळ फिरायला लागलं.

तिला रडू आलं. महाराज म्हणतात तिचा हात बाटलेला. मॅडम म्हणतात तिचा हात निष्काळजी. एक देवाचा माणूस आणि एक विज्ञान शिकलेली बाई, दोघांचं एका गोष्टीवर मात्र एकमत! चूक मोनिकाचीच. तिनं रागारागानं लॅपटॉपचं झाकण आपटलं आणि तो उचलून कपाटात कोंबायला निघाली.

"आई गं!"

लॅपटॉपच्या बुडाचा हाताला चटका बसला. खाली पाहिलं, तर घोंगडीची घडीही तव्यावरून काढलेल्या भाकरीसारखी गरम. मोनिकानं लॅपटॉप पटकन उघड्या फरशीवर ठेवला आणि हात फुंकत उभी राहिली. राग थोडा निवला, तसं तिला काहीतरी सुचलं. फरशी गार. मठातली शिळा गार. मॅडमचा बाक उघडा, वर पंखा.

तिनं लॅपटॉप फरशीवरच सुरू केला. चालला. घोंगडीवर ठेवला. थोड्या वेळानं अडला. पुन्हा फरशीवर, पुन्हा घोंगडीवर. संध्याकाळपर्यंत तिनं तेवढंच केलं. हात तिचाच होता, घर तेच होतं. बदलत होती ती फक्त बैठक.

फोन केल्यावर गौतमी मॅडम दुसऱ्याच दिवशी एसटीनं आल्या. गिताबाई शेतावर गेल्या होत्या. मॅडमनी लॅपटॉप उलटा केला, बुडाच्या जाळीत डोकावल्या आणि कपाळावर हात मारला. जाळीच्या आत पिवळं-करडं काहीतरी गच्च बसलं होतं.

"मी तुझे पेपर उडवले, तुला बोलले, पण मशीन उलटं करून बघितलं नाही," त्या म्हणाल्या. "माझं चुकलं, मोनिका. आण स्क्रूड्रायव्हर, आत्ता साफ करू."

"नको मॅडम. इथं उघडलं तर आत्याबाई म्हणतील, महाराजांच्या अंगाऱ्यानंच सुटलं. जिथं माझ्या हाताला नाव ठेवलं, तिथंच उघडायचं."

रविवार उजाडला. अर्पणाचा सोहळा म्हणून गर्दी दुप्पट. महाराजांनी नवी कफनी घातली होती. मल्हारनं सुट्टी घेतली होती. तो घुम्यासारखा आईशेजारी उभा होता.

"म्हाराज," मोनिका हात जोडून म्हणाली, "शेवटची पूजा आमच्या देवाच्या घोंगडीवर करा. आन् यंत्र चालूच ठिवा. मंत्र त्याच्या बी कानावर पडू द्यात."

"बराबर हाय पोरीचं!" गर्दीतून आवाज आला. देवाच्या घोंगडीला नाही म्हणायची महाराजांची छाती झाली नाही. शिळेवर घोंगडी आली, घोंगडीवर चालू लॅपटॉप आला. गर्दीत येऊन थांबलेल्या गौतमी मॅडम "काय उकडतंय बाई" करत नेमक्या कूलरच्या तोंडाशी जाऊन पदर पसरून बसल्या.

मंत्र सुरू झाले. घंटा वाजली. महाराजांनी फटीत अंगारा फुंकला. वाळूचं घड्याळ फिरू लागलं. महाराजांचा आवाज चढला. अंगारा आणखी गेला. पडदा काळा झाला.

गर्दी पुढं झुकली.

"प्राण सोडला!" महाराजांनी हात वर केले. "आत्मा मुक्त झाला! आता हे कलेवर मठात..."

मोनिकानं लॅपटॉप ओढून घेतला, उलटा केला, आधी बॅटरी काढली आणि पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला.

"ए! बाईनं हात लावायचा न्हाई!"

"लावू द्या की," मल्हार पहिल्यांदाच बोलला. "आमच्या कंपनीत मशीन बंद पडलं तर मेंटेनन्सवाला आधी ते उघडतो. तिला बी उघडू द्या."

बुडाचं झाकण निघालं. आत बोटभर लांबीचा पंखा होता, आणि त्याच्याभोवती जुन्या गादीतल्या कापसासारखा जाड थर. मोनिकानं तो चिमट्यानं उचलला आणि सगळ्यांना दिसेल असा तळहातावर धरला.

महाराज क्षणभर गडबडले. पण धंद्यात मुरलेला माणूस! "बघा! बघा भाविकांनो! यंत्रातलं पाप भाईर आलं! माझ्या मंत्रानं भाईर आलं!"

गर्दीत पुन्हा कुजबुज सुरू झाली. 'जय' ओठांवर येतच होता, तेवढ्यात गिताबाई पुढं झाल्या. त्यांनी तो थर सुनेच्या हातातून घेतला. बोटांनी कुस्करला. नाकाशी नेला.

"पाप कशाचं, म्हाराज?" त्या म्हणाल्या. "हे पिवळं हाय, ते जेजुरीचा भंडारा. म्याच टाकलाय. ही लोकर माझ्या घोंगडीची. म्या सोता कातलीय, मला वळखू येत न्हाई व्हय? आन् ही राख..." त्यांनी करडी बोटं महाराजांपुढं धरली. "आमच्या घरात गॅस हाय. राख तुमचीच हाय."

कुणीतरी फिसकन हसलं. मग हसू पसरत गेलं.

मोनिकानं रंगाच्या कोऱ्या ब्रशनं पंखा झाडला, जाळी मोकळी केली, झाकण लावलं, बॅटरी बसवली. घोंगडी बाजूला ठेवून लॅपटॉप एका उघड्या लाकडी स्टुलावर मांडला. मॅडमनी कूलरही बंद केला. लॅपटॉप चालू झाला आणि चालतच राहिला. मोनिका पेपर टाइप करत बसली. सगळे बघत होते, पण वाळूचं घड्याळ काही आलं नाही.

"मशीन काम करतं, तेव्हा तापतं," गौतमी मॅडम उभ्या राहिल्या. "ते थंड ठेवायला आत हा पंखा असतो. तो खालून हवा घेतो आणि कडेनं गरम हवा सोडतो. महाराज तिला राग म्हणत होते! घोंगडीनं खालचं तोंड बंद केलं, भंडाऱ्यानं पंखा कोंडला, वरून दर रविवारी राख. फार तापलं की जळू नये म्हणून मशीन आपणच हळू होतं, तरीही तापलं तर बंद पडतं. इथे गार शिळा, मागे कूलर, आणि बंद मशीनवर लांबलचक मंत्र. मंत्र होईस्तोवर ते थंड व्हायचं, एवढीच करामत. मोबाइलचंही तेच. बॅटरीवर मळ बसतो, तो कफनीला पुसला. तुम्ही सदऱ्याला पुसा, चालेल."

महाराज गादीवरून उठून आतल्या खोलीत गेले होते. त्यांना अचानक समाधी लागली, असं त्यांच्या शिष्यानं सांगितलं.

सगळे शहाणे होऊन घरी गेले असं मात्र झालं नाही. निम्मी रांग जागची हलली नाही. "लॅपटॉपचं येगळं असंल, आमच्या टीव्हीचं येगळं," एक जण म्हणालाच. मोनिकाला त्याच्या डोक्यात स्टूल घालावंसं वाटलं. तिचे निम्मे पेपर पुन्हा टाइप करायचे होते. आठवडाभर तिला हात लावू दिला नव्हता, ते दिवस काही परत मिळणार नव्हते. तिनं लॅपटॉप पिशवीत घातला आणि चालू लागली.

गिताबाई घोंगडी खांद्यावर टाकून मागून आल्या. "पोरी," त्या हळूच म्हणाल्या, "तुझ्या हाताचा इटाळ न्हवता गं. माझ्याच मायेनं त्याचा जीव कोंडला. आन् म्या तुला बोल लावला."

"आत्याबाई, भंडारा झाकणावर लावा. एक बोट. आत नको."

"न्हाई लावत बाई आता आत."

फाटकाशी एक बाई टेबलफॅन कडेवर घेऊन रांगेत उभी होती. मघाचं सगळं तिनं बघितलं होतं. गिताबाई जवळून जाताना तिनं त्यांचा पदर धरला आणि फॅन पुढं केला. "मावशी, तुमास्नी कळतं त्यातलं. ह्याच्यावरनं जरा हात फिरवता का?"

गिताबाई थांबल्या. मग अशा काही भडकल्या की मोनिकालाही दचकायला झालं.

"म्या काय म्हाराज हाय व्हय? येका बुवाचा पिच्छा सोडला की लगीच दुसरा धरायचा? घरी जा, वायर काढ, पंखा उघड आन् बघ आत काय अडकलंय. दिसलं तर काढ. न्हाई दिसलं तर ज्याला कळतं त्याला इचार, आन् तो काय करतोय ते डोळं उघडं ठिवून बघ. मिटू नगं!"

बाई फॅन घेऊन रांगेतून बाहेर पडली.