मोठ्या जाऊबाईंचा उजवा गाल

दोघी जावा एकाच घरात राहायच्या. धाकटी शिवणकाम करायची, थोरली तिला शहाणपण शिकवायची. धाकटीच्या तोंडात कवळी आली आणि थोरलीला तर रानच मोकळं मिळालं. पंच्याहत्तरीतही आपले सगळे दात जागच्या जागी आहेत, हे ती रोज जेवताना गाजर कडाकडा फोडून जाहीर करायची. समोर धाकटी मऊ भात गिळत बसायची. कवळी कधी घासाबरोबर सरकायची, तर कधी बोलता बोलता बाहेर डोकवायची.

शेवटी धाकटीने मनावर घेतलं आणि जबड्यात स्क्रू बसवून पक्के दात करून घेतले. तिला वाटलं, आता गाजरांचा फडशा! पण दोन तुकड्यांतच गाल भरून आले, कानशिलं ठणकायला लागली. वर अंदाज चुकून तिने चमचाच करकचून चावला.

"आजी, दात नवे आहेत, पण चावायचे स्नायू इतकी वर्षं आयते बसून होते," दातांच्या डॉक्टरीणबाई हसल्या. "आणि जोर किती लागला, ते या दातांना खऱ्यांसारखं पटकन कळत नाही. होईल सवय."

धाकटी हट्टाला पेटली. मशीनवर शिवतानाही गाजर चावत तिचं तोंड चालूच. काही महिन्यांनी स्नायू तपासायला बोलावणं आलं, तेव्हा थोरली 'सोबत' म्हणून निघाली. खरं तर फजिती बघायला.

डॉक्टरीणबाईंनी धाकटीच्या दोन्ही गालांवर चकत्या चिकटवल्या, वायरी जोडल्या आणि हातात गाजर दिलं. पडद्यावर दोन रेघा बरोबरीने उड्या मारू लागल्या.

"वा! दोन्हीकडचे स्नायू झकास चाललेत."

थोरलीला राहवेना. "त्यात काय एवढं! मला लावा. खरे दात कसे चालतात ते बघा एकदा."

लावलं. कडाकड आवाज झाला. डावी रेघ छताला भिडली, उजवी जेमतेम हलली. डॉक्टरीणबाईंनी वायर हलवून पाहिली, चकती बदलली. उजवीचं आपलं तेच.

"उजवीकडे दुखतं का, आजी?"

"छे! मला काय धाड भरलीय?"

"आ करा बघू."

मागच्या दाढेत वाटाणा मावेल एवढं भगदाड होतं. म्हणजे इतकी वर्षं सगळा तोरा एकाच गालावर! धाकटीला हसू आवरेना. पण थोरलीने खुर्चीचे दांडे गच्च धरलेले दिसले, आणि ते हसू तिथेच जिरलं.

"काढतील का गं?" थोरली पुटपुटली. "मला सुईची भीती वाटते. म्हणून कुणाला बोलले नाही."

"मी आहे ना, वहिनी. धरा माझा हात."

तिने तो असा धरला की धाकटीच्या बोटांना मुंग्या आल्या. दाढ निघाली.

"मग, नव्या दातांवर खूश आहात ना?" डॉक्टरीणबाईंनी धाकटीला विचारलं. "दहापैकी किती द्याल?"

धाकटीने शेजारी बघितलं. दातांत कापसाचा बोळा धरून थोरली डोळे वटारत होती, आणि तिला एक अक्षर बोलता येत नव्हतं.

"अकरा," धाकटी म्हणाली, आणि घर येईपर्यंत वाटभर एकटीच बोलत राहिली.