चारही चाकं गरम

ट्रक पुन्हा गॅरेजच्या दारात येऊन उभा राहिला, तेव्हा धाकटीला आधी बसायला स्टूल शोधावंसं वाटलं. सकाळपासून गाड्यांखाली झोपून तिची पाठ बोलायला लागली होती, आणि त्यात आता हा. पेट्रोलवर चालणारा, मागे मोठा बंद डबा असलेला ट्रक, तिच्या थोरल्या भावाचा. दारं-खिडक्यांच्या चौकटी कारखान्यातून बांधकामांवर पोचवायचं काम तो त्यावर करायचा. असल्या गाड्या पेट्रोल पितातच; पण गेले काही महिने हा ट्रक पीत नव्हता, ढोसत होता.

"काही फरक नाही," दादा खिडकीतूनच म्हणाला. "आज परत वाटेत काटा खाली आला. चौकटी उतरवायच्या सोडून पंप शोधत फिरलो."

"उतर तरी."

तो दाराला धरून उतरला. आधी एक पाय, मग जरा थांबून दुसरा. वय झालं, असं धाकटीला वाटलं. तिचं तरी कुठं कमी झालं होतं? नवऱ्याच्या हाताखाली ती हे काम शिकली आणि तो गेल्यावर गॅरेज एकटीनं ओढत आली. दादा तिला सगळ्यांसमोर 'धाकटे' म्हणून हाक मारायचा, त्यामुळे गिऱ्हाइकंही तिला धाकटीच म्हणत. केस पिकले तरी नाव बदललं नाही.

ट्रकचं सगळं करून झालं होतं. आधी टायरमधली हवा बघितली, ती कमी होती, भरली. एअर फिल्टर भुश्यानं बुजला होता, नवा घातला. प्लग काढून बघितले, टाकीपासून इंजिनापर्यंत पाइपला हात लावत वास घेतला, गळती नव्हती. स्कॅनर लावला, तर त्यानं सगळं आलबेल असल्याचं सांगितलं. थर्मोस्टॅट अडकला असेल आणि इंजिन गरमच होत नसेल, असा संशय आला म्हणून तोही बदलला. दादाचं आपलं एकच पालुपद होतं, पंपवाला कमी भरतो. त्यानं पंप बदलला. मग तो दुसऱ्या पंपवाल्याला शिव्या द्यायला लागला.

"घोडं कुठं पेंड खातंय तेच कळेना," ती पुटपुटली आणि ट्रकभोवती फिरायला लागली. पुढच्या चाकाजवळ वाकली आणि तिला धग लागली. एखादा ब्रेक जाम झाला असेल, तर तेवढंच चाक तापतं. तिनं दुसऱ्या बाजूला जाऊन हात जवळ नेला. तेही तेवढंच गरम. मागची दोन्हीही तशीच.

"ब्रेक लागलेलाच राहतोय," ती म्हणाली. "चारही चाकांना."

"बघ, मी म्हटलं नव्हतं, गाडीतच दोष आहे?"

त्यानं असं कधीच म्हटलं नव्हतं, पण वाद घालायचं त्राण तिच्यात नव्हतं. ट्रक जॅकवर घेतला. चाकं हातानं फिरवली, ती मोकळी फिरत होती. ब्रेकचं पेडल दाबलं की लागत होतं आणि सोडलं की पूर्ण वर येत होतं. पॅड मात्र पार झिजले होते, आणि ते तिनंच अलीकडे बदललेले होते. गाडीत काही सापडत नव्हतं, आणि पॅड तर खोटं बोलत नव्हते.

"एक चक्कर मारून ये," ती म्हणाली.

गॅरेजसमोरचा रस्ता चढाचा होता. दादा ट्रक घेऊन निघाला आणि ती फाटकात उभी राहून बघत राहिली. ट्रक घुरघुरत चढ चढत होता आणि मागचे दोन्ही लाल दिवे लागलेले होते. चढावर ब्रेक कोण मारतं? तो वळून आला, थांबला, निघाला, तरी ते दिवे काही विझले नाहीत. तो आल्यावर तिनं पेडलमागचं ब्रेकच्या दिव्याचं बटण अडकलंय का, ते तपासलं. बटण ठीक होतं.

"सरक," ती म्हणाली. "मी शेजारी बसते. आता माझ्यासमोर चालव."

"तू कशाला? तुला कामं नाहीत?"

"दादा, चालव."

थोडं अंतर गेल्यावर तिनं खाली बघितलं. उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर होता. डावा ब्रेकवर टेकवलेला होता, अलगद, पण टेकवलेला.

"डावा पाय उचल."

"कशाला?"

"ऑटोमॅटिक गाडी आहे ही. डाव्या पायाला इथं काही काम नाही."

"सवय लागली."

"जन्मभर उजव्या पायानं ब्रेक मारलास आणि म्हातारपणी सवय लागली?"

त्यानं पाय उचलला. पुढं चौक होता, सिग्नल पिवळा झाला. दादानं रस्त्यावरची नजर काढली आणि खाली बघितलं. उजवा पाय डोळ्यांनी शोधला, डोळ्यांनीच तो ब्रेकवर नेला, आणि मग दाबला. ट्रक पट्टीच्या पुढं जाऊन थांबला. समोरून जाणाऱ्या बाईनं हातातली पिशवी छातीशी धरली आणि घाईनं रस्ता ओलांडला.

"गाडी बाजूला घे," धाकटी म्हणाली.

कडेला थांबल्यावर दादानं इंजिन बंद केलं.

"आधी मुंग्या यायच्या," तो म्हणाला. "मग मुंग्याही गेल्या. आता खाली पाय आहे की लाकूड, तेच कळत नाही. डाव्याला थोडं तरी समजतं. म्हणून तो ब्रेकवर ठेवतो."

"रस्त्यावर माणसं असतात रे."

"म्हणूनच तर ठेवतो!" तो ओरडला. मग हळू आवाजात म्हणाला, "तुझ्या वहिनीला मोज्यावर रक्त दिसलं होतं. मी म्हटलं, खिळा लागला असेल."

ती उतरली आणि चालवायच्या बाजूला आली. तो खाली उतरून ट्रकला वळसा घालून पलीकडे गेला. ती सीटवर बसली, तर पेडलजवळ त्याचा बूट पडलेला. दादा नुसत्या मोज्यानं खडीवरून चालत गेला होता आणि त्याला पत्ता नव्हता. तिनं बूट उचलून त्याच्या मांडीवर ठेवला. त्यानं पायाकडे बघितलं आणि मान खिडकीकडे फिरवली.

ती ट्रक थेट त्याच्या घरी घेऊन गेली. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. धाकटीनं किल्ली स्वतःच्या खिशात टाकली आणि सगळं सांगितलं. वहिनी हातातली घडी मोडून परत घालत राहिली.

"मी काय कमी सांगितलं?" ती म्हणाली. "माझं ऐकतील तर शपथ. तू सांगून बघ."

"किल्ली दे," दादा म्हणाला.

"नाही."

"तुला गाडी दुरुस्त करायला दिली होती. मला नाही!"

"गाडीला काही झालेलंच नाहीये, दादा."

तो आत गेला आणि दार लावून घेतलं. त्या दिवशी तो बाहेर आलाच नाही.

दवाखान्यात न्यायला दोघींच्या नाकी नऊ आले. डॉक्टरीणबाईंनी तळवा उलटून बघितला तेव्हा वहिनीनं डोळे मिटले. साखर कधीपासून वाढलेली होती कोण जाणे. जखम भरेल, बाई म्हणाल्या, पण गेलेली जाणीव परत येईल असं सांगता येत नाही. गाडी चालवायची नाही, आणि तळवे रोज तपासायचे. दादानं मान डोलावली.

ट्रकला नवे पॅड घातले. कारखान्याच्या ओळखीतून एक ड्रायव्हर मिळाला, शांत स्वभावाचा माणूस. सुरुवातीला दादा त्याच्या शेजारी बसून जायचा आणि प्रत्येक वळणावर त्याला शिकवायचा. मग ड्रायव्हरच एक दिवस धाकटीकडे येऊन म्हणाला, "ताई, गाडी आता झकास अ‍ॅव्हरेज देते. पण मालकांना घरी ठेवता येईल का?"

तिला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. दादाला तिनं तसं सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "गॅरेजात फोन उचलायला कुणी नाही. येशील?"

तो आला. फोनवर गिऱ्हाइकांशी भांडायचा, पण उचलायचा. दुपारी हातातलं काम आवरलं की धाकटी त्याच्यासमोर जमिनीवर बसायची. इंजिनाखाली बघायचा दांडीचा आरसा पुसून घ्यायची आणि त्याच्या तळव्याखाली धरायची. त्याला वाकता येत नव्हतं, आणि घरी वहिनीला तो पाय दाखवायचा नाही.

"आहे काही?" तो दुसरीकडे बघत विचारायचा.

"टाचेला भेग आहे. मलम लावलंस?"

"लावलं."

"खरं सांग."

"नाही लावलं."

ती उठायची, गुडघ्यावर हात टेकून, आणि मलम आणायला आत जायची. बाहेर फोन वाजत असायचा.

"उचल ना," ती आतून म्हणायची.

"उचलतो, उचलतो. श्वास तरी घेऊ दे माणसाला."