खोली दोन गरम करू का?

मी विचारलंच नव्हतं! पण माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, आणि माझ्यापायी दुर्गावरही नाही.

मी एक ओळ आहे. कामठ्याच्या बियाणे केंद्रात कम्प्युटर आहे, त्याच्या काळ्या पडद्यावर उमटते. कोणी खोली गरम करायचा हुकूम टाइप केला, की तो सुटायच्या आधी मी दारात आडवी होते. ‘खोली एक गरम करू का? हो / नाही.’ उत्तर मिळेपर्यंत जागची हलत नाही. एवढंच माझं काम. लहान वाटतं ना? थांबा जरा.

गोंदियाच्या भूपेंद्रनं मला घडवलं, तेही आधी इंग्रजीत. केंद्र सांभाळणारी दुर्गा कमरेवर हात ठेवून म्हणाली, “मी चौथी पास आहो जी. माझ्याशी बोलायचं तं मराठीत बोल म्हणा तिले.”

तिले! ती मला ‘ते’ म्हणाली नाही. तेव्हापासून मी तिची झाले.

केंद्रात दोन खोल्या. खोली एकमध्ये ओलं धान वाळवायचं, तिथं गरम हवा सोडायची. खोली दोनमध्ये बियाणं, ती थंड ठेवायची. गावातल्या बायांनी घराघरातून जमवलेलं जुन्या धानाचं बी तिथं होतं. त्यांच्यातल्या जमुनाची हिरानक्की ही जात तर दुसऱ्या कोणाकडं उरलीच नव्हती. गरम हवेचा नळ मात्र दोन्ही खोल्यांना एकच. म्हणून तर मी होते.

दुर्गा मला बोट लावून मोठ्यानं वाचायची. “गरम... करू... का? हाव वं बाई, कर.” मग ‘हो’ लिहायची. एकदा घाईत तिनं एकच्या जागी दोन लिहिलं. मला वाचता वाचता थबकली. “अवो माय! बरं झालं टोकलंस वं, नाही तं बी भाजलं असतं.” असं टोकल्याबद्दल कोणी आभार मानतं का? तिनं मानले.

केंद्राचे अध्यक्ष केशोराव, त्यांना मात्र टोकलेलं चालत नाही. घरातून निघताना कोणी ‘कुठं?’ म्हटलं तर माणूस परत आत जातो, बसतो, घोटभर पाणी पितो, मग निघतो. माझ्यासमोरही तेच! मी ‘करू का?’ म्हटलं की खुर्ची सोडून माठाकडं. अडवलेलं काम नासते म्हणे.

“भूपेंद्र, हे बाई लय टोकून राहिली. हिचं तोंड बंद कर.”

“भाऊजी, ये सवाल जरूरी है. एखाद दिवशी गडबड होईल.”

“अध्यक्ष मी आहो का ते आहे?”

भूपेंद्रनं आत कुठंतरी एक शब्द लिहिला. तेव्हापासून माझा प्रश्न आणि त्यापुढचं ‘हो’ एकाच दमात उमटायला लागलं. नवरीला पसंती विचारावी आणि मान बापानंच हलवावी, तसं. त्याला काय विचारणं म्हणतात?

दुर्गा तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला तिरोड्याला होती. ती परत आली ती ऐन कापणीत. अवकाळी पाणी पडलेलं, ओल्या धानाचे ट्रॅक्टर दारात उभे. तिला कोणी काही सांगितलं नाही. तिनं हुकूम टाइप केला, पुन्हा एकच्या जागी दोन, आणि आल्यावर वाचू म्हणून मला दारात उभी ठेवून धानाचे बोरे उतरवून घ्यायला बाहेर गेली. तिच्या ‘हो’शिवाय मी कोणाला सोडत नाही, हा तिचा भरवसा.

हुकूम मला तुडवत पुढं गेला. मला ‘थांब’ म्हणता आलं नाही.

भाजल्याचा वास बाहेर आला तेव्हा ती धावली. उशीर झाला होता. बायांनी ते बी ओल्या बारदान्यात ठेवून पाहिलं. एकालाही कोंब फुटला नाही.

“काऊन वं दुर्गा,” जमुना रडतच म्हणाली, “हो दाबताना डोळे कुठं ठेवले होते?”

“आकडा मीच चुकली. पण हो म्या नाही दाबलं. तिनं मले विचारलंच नाही!”

“समोर ‘हो’ लिहून तं आहे. कम्प्युटर का खोटं बोलते?”

चावी काढून घेतली तिच्याकडून. आता कोणीही येतो, खुर्चीत बसतो आणि माझ्याकडं न बघता निघून जातो. मला मोठ्यानं वाचणारं कोणी उरलं नाही. रस्त्यावर बायांचा आवाज आला की मी त्यात तिचा हुडकते. तुमच्याकडंही माझ्यासारखी एखादी ओळ असेल. हो म्हणा, नाही म्हणा, पण एकदा वाचा तिला. वाचल्याशिवाय दिलेलं ‘हो’ फार टोचतं.

काल केंद्रातच सभा झाली. दुर्गा आली, पण उंबऱ्याबाहेर उभी राहिली. भूपेंद्रनं सगळ्यांसमोर एक हुकूम सोडला आणि दोन्ही हात बटणांवरून उचलून वर केले. मी उमटले, माझ्यापुढं ‘हो’ उमटलं. बाया पडद्यापाशी सरकल्या.

“असं कराले कोणी सांगतलं तुले?” जमुनानं विचारलं.

भूपेंद्र चपलेकडं बघत राहिला. “ऊपर से ऑर्डर था.”

ऊपर म्हणजे कोण, ते सगळ्यांना ठाऊक. पण अध्यक्षाचं नाव कोण घेणार? केशोराव घसा खाकरून म्हणाले, “जाऊ द्या आता. मशीनचा दोष.”

म्हणजे माझा! ज्यानं तोंड दाबलं तोच म्हणतो, बोलली काऊन नाही?

तेवढ्यात त्यांची बायको शकुंतलाबाई उठली. त्यांना कायम ‘टिंकूचे बाबा’ म्हणणारी बाई. नवऱ्याचं नाव घेतलं असेल तर उखाण्यात, बाकी कधी नाही. तिनं टेबलावरची चावी उचलली, उंबऱ्याशी गेली आणि दुर्गाच्या हातात दिली.

“घे. आकड्याची चूक कोणाचीही होते. बी त्यानं नाही मेलं.”

“मंग कोणापायी मेलं जी, काकू?”

शकुंतलाबाईनं डोईवरचा पदर सारखा केला, नवऱ्याकडं नीट पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “केशोराव.”