नाकाखालचा डबा

विल्फ टॅन्सले आयुष्यात फारसं खोटं बोलला नव्हता. इंग्लंडातल्या ब्रॅडफर्डच्या लोकरीच्या गिरणीत यंत्रं दुरुस्त करणारा माणूस. यंत्रापुढे थापा चालत नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक. पण महायुद्धात, बेचाळीसच्या उन्हाळ्यात, इजिप्तच्या वाळवंटातल्या धावपट्टीवर, तो एकदा खोटं बोलला.

विलायतेहून आलेल्या लढाऊ विमानांची इंजिनं इथली वाळू गिळून बघता बघता निकामी होत. म्हणून हवा आत शिरते तिथे, विमानाच्या नाकाखाली, गाळणीचा मोठा डबा बसवलेला. विल्फ त्याची जाळी पेट्रोलमध्ये धुई, तेलात बुडवी, निथळत ठेवी. त्याच्या हातचं इंजिन कधी बंद पडलं नव्हतं, आणि याचा त्याला जरा जास्तच अभिमान होता.

वैमानिक हॅल्डेन एकवीस वर्षांचा. उड्डाणाआधी वहीत विल्फची सही, तिच्याखाली वैमानिकाची, असा शिरस्ता. त्या सकाळी हॅल्डेन पेन धरून थांबला.

"विल्फ, तुझ्या या डब्याच्या हनुवटीमुळे विमान मंदावतं का रे? खरं सांग."

मंदावत होतं. ताशी वीस मैलांनी. पण कबूल केलं तर पोरगा डबा काढायला लावील आणि इंजिन शत्रूच्या डोक्यावर दगा देईल, अशी विल्फला धास्ती.

"छे हो साहेब. तुमचा नाश्ताच जड झालाय."

हॅल्डेन हसला, सही करून गेला. परतला नाही.

चौथ्या दिवशी विमानाचे अवशेष आणायला ट्रक गेला, त्यात विल्फ होता. हॅल्डेनला शेजारीच पुरलेलं. गोळ्यांची भोकं सगळी मागून. त्या दिवशी सोबत उडालेल्या दुसऱ्या वैमानिकाने सांगितलंच होतं, की हॅल्डेन जीव तोडून पळत होता, पण पाठीवरच्या शत्रूपासून अंतर काही वाढेना.

विल्फने डबा उघडला. जाळीत वाळू गच्च, आतली नळी लख्ख. इंजिन शेवटपर्यंत ठणठणीत होतं. आपल्या चांगल्या कामाची त्याला आयुष्यात पहिल्यांदा लाज वाटली.

पुढचे तीन आठवडे तो डबा कापत, ठोकत, लहान करत बसला. जेवायलाही उठेना.

लहान केलेला डबा नव्या विमानाला बसला, नवा वैमानिक आला. त्याने काहीच विचारलं नाही, सरळ सहीला वाकला. विल्फने वहीवर हात ठेवला.

"साहेब, आधी ऐका. हा डबा विमान मंद करतो. काढला तर इंजिन जाईल. ठरवा तुम्ही."

"किती मंद?"

"आठ मैल," विल्फ म्हणाला. "हॅल्डेनसाहेबांच्या वेळी वीस होते. त्यांनी विचारलं होतं."